आधी आजीची वेळ, मग उन्हाची: बडोद्याच्या फोटोग्राफरांना खुले पत्र

बडोद्यात घरोघरच्या कुटुंबांचे फोटो काढणाऱ्या माझ्या सर्व मित्रमैत्रिणींना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी आटोपली की आपले फोन वाजायला लागतात. अमेरिकेतला मुलगा नाताळच्या सुट्टीत येणार असतो, ऑस्ट्रेलियातली भाची नेमकी त्याच आठवड्यात. कुणाच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन असतं, कुणाच्या घरी बाळाचं पहिलं बोरन्हाण. सगळ्यांची मागणी एकच: सगळे जमलोच आहोत तर बागेत छान फोटो काढू या. बागेत म्हणजे बहुतेक वेळा कमाटीबागेत. मग आपण विचारतो, किती जण, किती तास, किती फोटो एडिट करून हवेत, रील हवी का. माझी विनंती आपल्या या प्रश्नांबद्दलच आहे. या हिवाळ्यापासून बुकिंग घेताना सगळ्यात आधी एवढं विचारा: तुमच्या घरात सर्वांत कमी कोण चालू शकतं, आणि त्यांची दिवसातली चांगली वेळ कोणती?

जागा, वेळ, कपडे, फोटोंचा क्रम, लेन्स, सगळं या एका उत्तरावरून ठरवता येतं, आणि तसंच ठरवायला हवं असं माझं ठाम मत आहे.

हे लिहायचं कारण म्हणजे दर हिवाळ्यात बागेत दिसणारं दृश्य. थंडीत पावणेसातला दोन गाड्या भरून कुटुंब उतरतं. फोटोग्राफर आधी तरुण जोडप्याला घेतो, कारण कोवळं ऊन फुकट जायला नको. मग मुलं, मग भावंडं, मग वहिनी-नणंदा. तोवर आजी शाल गुंडाळून बाकावर बसलेली असते, मांडीवर सगळ्यांच्या पर्स, स्वेटर आणि बाळाची दुधाची बाटली. तासाभराने ‘आता ग्रुप’ म्हणून तिला उठवतात आणि हिरवळीतून चालवत नेतात. ऊन तोवर डोळ्यांवर आलेलं असतं, बाळ रडत असतं, आजीचा नाश्ता झालेला नसतो. तीन-चार मिनिटांत तो ग्रुप उरकतात. खरं तर अटलांटिक ओलांडून माणसं आलेली असतात ती याच एका फोटोसाठी. तोच आपण दमलेल्या चेहऱ्यांचा काढून देतो.

यात कुणाचा दुष्टपणा नाही. आपल्यातले बहुतेक जण प्री-वेडिंगच्या कामातून शिकत आले. तिथे दोघं पंचविशीतली, कुठेही चढतात, कितीही वेळा चालून दाखवतात आणि प्रकाशासाठी पहाटे पाचला उठतात. तेच वेळापत्रक आपण जसंच्या तसं चार पिढ्यांच्या कुटुंबावर लादलं.

स्टुडिओच्या काळात असं होत नव्हतं. रावपुऱ्यात, दांडिया बाजारात जुन्या घरांच्या भिंतींवर अजून जे ग्रुप फोटो आहेत ते नीट पाहा. आधी खुर्ची मांडली जायची, माणसं नंतर. घरातली वडीलधारी मधोमध बसायची आणि बाकीचे त्यांच्याभोवती रचले जायचे. एक्स्पोजर, म्हणजे फोटो उमटायला लागणारा वेळ, लांबलचक असायचं त्या काळापासूनची ही पद्धत. म्हाताऱ्या माणसाला आणि लहान मुलाला स्थिर ठेवायचं तर टेकायला काहीतरी हवंच. पुढे कॅमेरे वेगवान झाले तरी खुर्ची टिकली, कारण ती घराचा क्रम सांगत होती. आपल्या गावाला ही विद्या नवी नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जरांनी इथे कलाभवन उभं केलं, तिथल्या स्टुडिओत आणि प्रयोगशाळेत दादासाहेब फाळके फोटोग्राफीचे प्रयोग करत होते, आणि पुढे त्यांनी गोध्र्याला फोटोग्राफर म्हणून व्यवसाय थाटला. अशा गावातल्या फोटोग्राफरांना बागेत एक हात असलेली खुर्ची न्यायला काही जड नाही.

आता वेळेबद्दल. इथे आपण नाहक घाबरलेलो आहोत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘गोल्डन अवर’, म्हणजे सूर्योदयानंतरचा सोनेरी उजेड, गाठायचा म्हणून सगळं घर अंधारात उठवायचं, ही सवय इंटरनेटवरच्या व्हिडिओंनी लावली. आपल्याकडचं ऊन काय करतं ते बघा. बडोदा कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला, साधारण २२.३ अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर इथे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. भर दुपारीसुद्धा तो ४५ अंशांच्या वर जात नाही. सकाळी नऊला तो क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर असतो. जूनमध्ये मात्र सूर्योदय सहाच्या आधीच होतो, नऊला सूर्य ४० अंशांवर पोचलेला असतो आणि दुपारी बरोबर डोक्यावर येतो, म्हणून डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात. म्हणजे उन्हाळ्यात सकाळी सहाची घाई खरी. डिसेंबर-जानेवारीत साडेआठ ते पावणेदहा ही वेळ बागेत झाडांच्या कडेने उत्तम असते. ऊन तिरपं असतं, धुकं ओसरलेलं असतं आणि हिरवळीवरचं दंव सुकायला लागलेलं असतं.

त्याच वेळात आजीचंही सगळं बसतं. तिचा चहा झालेला असतो, इन्सुलिन घेऊन नाश्ता झालेला असतो, गुडघे थोडे मोकळे झालेले असतात. मधुमेह असलेल्या माणसाला रिकाम्या पोटी तासभर थंडीत ताटकळत ठेवणं धोक्याचं आहे, हे आपल्यालाही कळायला हवं. संध्याकाळ हवी असेल तर सव्वाचार ते पावणेसहा घ्या. पण एक गोष्ट घरच्यांना आवर्जून विचारा. स्मृतिभ्रंशाचा आजार असलेल्या बऱ्याच माणसांचा गोंधळ सूर्य कलला की वाढतो. त्यांच्यासाठी सकाळच बरी. जागाही मग एकच ठेवायची आणि शेजारी रोजचं, ओळखीचं माणूस बसवायचं. ‘आता तिकडे चला, आता इकडे या’ हे त्यांच्या बाबतीत पूर्ण वर्ज्य.

वारही बघा. रविवारी आणि नाताळच्या सुट्टीत कमाटीबाग फुललेली असते. ती गर्दी तिथे हक्कानेच येते, तिला बाजूला करायचा अधिकार आपल्याला नाही. मंगळवार-बुधवारची सकाळ निवडली तर फिरणाऱ्यांची पहिली लाट ओसरलेली असते. परदेशातून आलेल्यांना सुट्टी असतेच, इथल्या सुनेला अर्धा दिवस रजा मागावी लागते, आणि आपण आधी सांगितलं तर ती मिळते.

जागेचं सांगायचं तर कमाटीबाग म्हणजे ११३ एकर. सयाजीरावांनी १८७९ मध्ये ही बाग उभी केली ती लोकांनी फिरावं म्हणून, आणि फिरणाऱ्याला ती खरोखर मोठं सुख देते. न फिरू शकणाऱ्याला मात्र ती अफाट वाटते. काळ्या घोड्याच्या पुतळ्याकडून आत शिरायचं, मग म्युझियमची १८९४ ची इमारत, मग बँडस्टँड, मग फुलांचं घड्याळ, मग पूल, अशी यात्रा काढायची नाही. एकच जागा निवडा आणि तिथेच चारही दिशांना तोंड करून चार वेगळ्या पार्श्वभूमी मिळवा. एका मोठ्या झाडाखाली हे सहज होतं: एकीकडे खोड, एकीकडे वाट, एकीकडे लांबची हिरवळ, एकीकडे इमारतीचा कळस.

जागा ठरवायला आदल्या दिवशी त्याच वेळेला जा. दोन अंतरं स्वतःच्या पावलांनी मोजा: गाडी जिथे थांबेल तिथून फोटोच्या जागेपर्यंत, आणि तिथून स्वच्छतागृहापर्यंत. दुसरं अंतर आपण कधीच धरत नाही. म्हाताऱ्या बायका बाहेर जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितात आणि कुणाला सांगत नाहीत. ‘तिथून दोन मिनिटांवर सोय आहे, मी पाहून आलेय’ एवढं वाक्य फोनवर सुनेकडे सांगून ठेवलंत तर आजी निर्धास्त येते, आणि त्या निर्धास्तपणाने चेहरा बदलतो. वाट पक्की आहे का हेही पाहा. हिरवळीत व्हीलचेअरची पुढची चाकं रुततात. आणि दगडी कट्टा आपल्याला कितीही देखणा वाटला तरी बुटका असतो. त्यावर बसलेली गुडघेदुखीची आजी उठताना दोघांचे हात धरते, आणि पुढच्या प्रत्येक फोटोत तिच्या मनात तेच उठणं असतं. म्हणून हात असलेली खुर्ची. हातांवर जोर देऊन माणूस स्वतः उठतो.

खरं सांगायचं तर पुष्कळ कुटुंबांना कमाटीबागेची गरजच नसते. मांजलपूरकडच्या घराला लालबाग जवळ आहे. कुणाच्या सोसायटीपासून शंभर पावलांवर महापालिकेची लहानशी बाग आहे, तिथे दोन कडुनिंब आणि एक गुलमोहर आहे. सावली, मोकळी बाजू आणि सपाट जमीन असली की बाग पुरते. आजी जिथे रोज संध्याकाळी बसते तिथला फोटो पुढे घरातल्यांना जास्त मोलाचा वाटतो, हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय. गिऱ्हाइकाला हे सुचवायला संकोच करू नका.

परवानगीचं थोडक्यात. मोठा कॅमेरा, स्टँड, लाइट घेऊन जायचं असेल तर उद्यानाच्या कार्यालयात आधी जाऊन विचारा आणि जे सांगतील ते लेखी घ्या. दारावर वाद झाला की सगळ्यात जास्त अपमान घरातल्या थोरामोठ्यांना वाटतो. ड्रोनचा आग्रह मात्र मोडून काढा. हरणीचा विमानतळ जवळ आहे, तिथल्या हवाई हद्दीत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि बागेत प्राणिसंग्रहालय आहे. पक्ष्याप्राण्यांच्या डोक्यावर ते गुणगुणणं नको. आणि नदी. विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोदेकराला सांगायला नको, पण पाहुण्यांना आणि त्यांच्या मुलांना सांगायला हवं. हिवाळ्यात मगरी ऊन खायला काठावर येतात, म्हणजे नेमक्या आपल्या हंगामात. काठाजवळ, उतारावर, कठड्यावर कुणालाही उभं करायचं नाही. तसंच बागेतल्या मुलांच्या छोट्या आगगाडीच्या रुळांवर मुलं बसवून फोटो काढायचे नाहीत, गाडी चालू असो वा बंद.

आता चष्मा. यावर आपल्यात कुणी फारसं बोलत नाही आणि निम्मे फोटो यातच बिघडतात.

आपल्याकडे साठीच्या पुढच्या कितीतरी जणांचे चष्मे उन्हात काळे होणारे असतात. ते अतिनील किरणांनी काळे होतात, त्यामुळे सावलीत उभं केलं तरी मोकळ्या आकाशाच्या उजेडाने बऱ्यापैकी काळवंडतात. वर थंडीत ते जास्त गडद होतात आणि साफ व्हायला जास्त वेळ घेतात. म्हणजे डिसेंबरच्या सकाळी अगदी घात. आजोबांचे डोळेच दिसत नाहीत, आणि नंतर एडिटिंगमध्ये ते आणता येत नाहीत. उपाय सोपा आहे, पण आदल्या दिवशीच करायचा: ‘आजोबांचा जुना साधा चष्मा सोबत आणा.’ तो नसेल तर चष्मा खिशात, डब्यात ठेवायचा, सगळी मांडणी झाल्यावर द्यायचा आणि पहिल्या काही सेकंदांतच फोटो घ्यायचा. चष्मा काढूनच बसवू नका. आयुष्यभर चष्म्यातला चेहरा पाहिलेल्या नातवंडांना तो चेहरा परका वाटतो. साध्या काचेवर आकाशाची चमक येत असेल तर काड्या कानावर किंचित वर उचलायच्या, म्हणजे काचा थोड्या खाली झुकतात आणि चमक निघून जाते.

मोतीबिंदू असलेल्यांना समोरचा झगझगाट सहन होत नाही. त्यांच्या तोंडावर चंदेरी रिफ्लेक्टर धरणं हा छळ आहे. पांढरा थर्मोकोल किंवा धुतलेली पांढरी चादर पुरते. सूर्य पाठीशी किंवा बाजूला ठेवा, तोंड झाडाबाहेरच्या मोकळ्या उजेडाकडे. डोळे मिचकावले जात असतील तर सगळ्यांना डोळे मिटायला सांगा आणि तीन म्हटल्यावर उघडायला. आणि वीस फुटांवरून ‘स्माइल, स्माइल’ ओरडू नका. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना ते रागावल्यासारखं ऐकू येतं. जवळ जा, समोरून बोला, नाव घेऊन बोला. गुजराती घर असेल तर ‘बा’ म्हणा. मग मागे जाऊन बटण दाबा.

लेन्सबद्दल एकच आग्रह. पंधरा माणसं मावत नाहीत म्हणून २४ एमएमची वाइड लावू नका. कडेची माणसं त्यात ताणली जातात, आणि कडेला आपण नेहमी कुणाला उभं करतो? आत्याला, मावशीला, ज्या स्वतःच्या अंगाबद्दल आधीच संकोचलेल्या असतात. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ५० एमएमची लेन्स लावली तर पाच मीटर रुंदीच्या ग्रुपला आठ-नऊ मीटर मागे जावं लागतं. म्हणूनच जागा पाहताना मागे सरकायला मोकळीक आहे का ते बघायचं. दोन-तीन रांगा असतील तर अपर्चर एफ ५.६ ते ८ ठेवा, शटर १/२०० च्या खाली नको, कारण कडेवरचं बाळ हलणारच. पार्श्वभूमी धूसर करायच्या हौसेपायी मागच्या रांगेतले काका धूसर होतात. फोनवर काढणाऱ्या घरच्या मंडळींनाही हेच सांगा: ०.५ नको, दोन पट करा आणि मागे जा.

आजी खुर्चीत बसलेली आणि बाकी सगळे ताठ उभे, असं झालं तर ती खड्ड्यात बसल्यासारखी दिसते. दोन लेकी किंवा सुना शेजारी स्टुलांवर, नातवंडं पुढे सतरंजीवर, उंच मंडळी मागे. कॅमेरा आपल्या उभ्या उंचीवरून नाही, बसलेल्यांच्या डोळ्यांच्या पातळीला आणा. आपले गुडघे वाकवायचे, त्यांचे नव्हे. आणखी एक गोष्ट हलक्या हाताने करायची असते. आजोबा गेलेले असले की आजी स्वतःहून कडेला सरकते, ‘मी कशाला मध्ये, जावईबापूंना बसवा’ म्हणते. घरातलेही कधीकधी गप्प राहतात. तिथे फोटोग्राफरचा शब्द चालतो. ‘आजी, मला उजेड मधल्या खुर्चीवरच बरोबर मिळतोय’ म्हणा आणि तिला मधोमध बसवा.

कपड्यांच्या बाबतीत ‘थीम’ बंद करू या. सगळ्यांना पांढरा शर्ट आणि जीन्स, आणि आजीला सुनेचा पांढरा कुर्ता घालायला लावतात, त्यात ती अवघडून बसते. तिला तिची साडी नेसू दे, नऊवारी असेल तर नऊवारी. ती साडी आधी फोटोत मागवा आणि बाकीच्यांचे रंग त्यावरून ठरवा: काठाचा एक रंग, पदराचा एक रंग, बाकी मातकट, फिकट. झगझगीत पोपटी टी-शर्ट टाळा, त्याचा रंग शेजारच्याच्या गालावर चढतो. भर हिरवळीत सावलीत उभं केलं तर हनुवटीखाली हिरवट झाक येतेच, म्हणून मातीच्या किंवा फरशीच्या वाटेवर मांडणी बरी.

संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणाचे फोटो बागेत काढायची आता टूम आहे आणि मला ती आवडते. पण काळं झबलं आणि वर पांढरे हलव्याचे दागिने, हा कॅमेऱ्यासाठी अवघड जोड आहे. एक्स्पोजर हलव्यावर बेता, काळ्यावर नको, नाहीतर दाणे नुसते पांढरे ठिपके होतात. गडद झाडीसमोर काळे कपडे बुडून जातात, मागे उजेड हवा. बाळाला गवतावर बसवू नका, साखरेला मुंग्या लागतात. पाट आणि त्यावर धुतलेली चादर. उत्तरायणाच्या मागच्यापुढच्या दिवसांत झाडांवर मांजा लोंबत असतो, तो आधी पाहून घ्या, विशेषतः बाळाला उंच उचलायचं असेल तर. आणि बाळाची झोप किती वाजता असते हे आईलाच विचारायचं. तीही त्या ‘कमी चालणाऱ्यां’च्या यादीतलीच बाब आहे.

क्रम हा असा असावा: पूर्ण कुटुंब पहिल्या दहा मिनिटांत. मग आजी-आजोबा दोघंच. मग ते आणि नातवंडं. मग ते आणि त्यांची मुलं, जावई-सुनांशिवाय, कारण असा फोटो बहुतेक घरांत लग्नांनंतर एकदाही काढलेला नसतो. इथवर अर्धा तास. मग त्यांना थर्मासमधला चहा द्या, गाडीत किंवा सावलीत बसू द्या, हवं तर घरी पाठवा. उरलेला सगळा वेळ जोडप्यांचा, भावंडांचा, रीलचा.

मला माहीत आहे तुमच्यापैकी काही काय म्हणतील. पैसे तरुण मुलं देतात, त्यांना रील हवी असते, इन्स्टाग्रामवर त्यावरूनच पुढचं काम मिळतं. खरंय. धंदा मलाही करायचा असतो. पण या क्रमात तुमचं काही जात नाही. डिसेंबरात सव्वानऊलाही ऊन तिरपंच असतं, जोडप्याचे फोटो तेव्हाही सुंदर येतात. आणि मुलांना विचारून पाहा, वर्षभराने त्यांनी कोणता फोटो मोठा करून मागितला. माझ्याकडे परत येणारी मागणी जवळजवळ नेहमी त्या पहिल्या अर्ध्या तासातल्या फोटोचीच असते, आणि ती कुठल्या प्रसंगी येते ते तुम्हालाही ठाऊक आहे.

इन्स्टाग्रामवर टाकायच्या आधी परवानगी घेता ना? ती मुलाकडून घेतलीत तर आजीची घेतली असं होत नाही. तिला फोटो दाखवून तिलाच विचारा. आणि पार्श्वभूमीला दुसऱ्यांची मुलं आली असतील तर तो फोटो टाकू नका.

शेवटी प्रिंट. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी २६ फुटांची असताना. कितीतरी घरांच्या तळमजल्यात पाणी शिरलं. त्यानंतर लोक माझ्याकडे भिजलेले अल्बम घेऊन येत होते. फ्रिज, सोफे गेले त्याबद्दल फार कुणी बोललं नाही, ‘आईचा एवढा एक फोटो वाचव’ म्हणत होते. चिकटलेले फोटो कोरडे ओढून काढले की वरचा थर निघून येतो. स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूहळू सोडवावे लागतात आणि सावलीत पाठीवर वाळवावे लागतात. लगेच जमत नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवले तरी ते टिकून राहतात. हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून ठेवा. आणि काम देताना मूळ फाइली दोन ठिकाणी, शक्यतो दोन गावांत ठेवायला सांगा. परदेशातला मुलगा यासाठी उपयोगी पडतो. एक मोठा प्रिंट मात्र आजीच्या हातात ठेवायचा, आठ बाय बारा किंवा त्याहून मोठा, मॅट, म्हणजे तिला दिव्याची चमक न येता दिसेल. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो तिच्यासाठी फोटो नसतो, कुणीतरी फोन धरून दाखवला तरच ती पाहू शकते.

या पत्रासोबत एक प्रस्ताव ठेवते. आपण सगळे मिळून हात असलेल्या चार घडीच्या खुर्च्या, दोन स्टुलं आणि एक साधी व्हीलचेअर घेऊ या. वर्गणी काढली तर कुणालाच जड जाणार नाही. सामान रावपुऱ्यात माझ्या स्टुडिओत राहील, ज्याचं शूट असेल त्याने आदल्या संध्याकाळी न्यायचं आणि दुपारपर्यंत आणून ठेवायचं. भाडं काही नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याआधी हे जमलं तर या हंगामातच उपयोगी पडेल. ज्यांना यात यायचं आहे त्यांनी दुपारी चारनंतर स्टुडिओत यावं, बसून तारखांची वही करू. ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनीही यावं. तुमच्या अडचणी समोरासमोर ऐकायच्या आहेत.

आपली,
रावपुऱ्यातली एक फोटोग्राफर